वाळवंटात गाडी थंड कशी राहते? इंजिन, केबिन आणि उष्णतेचा प्रवास



१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदी गावी पारा ५१ अंश सेल्सिअसवर पोहोचला. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे भारतातलं हे सर्वांत जास्त तापमान. फलोदी थरच्या वाळवंटात, बिकानेरहून पोकरणमार्गे जैसलमेरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता. दोन्ही बाजूंना वाळू, खुरटी झुडपं आणि मधूनच एखादं खेजडीचं झाड. खेजडी म्हणजे आपली शमी.

आता विचार करा. गाडीच्या इंजिनात इंधन जळतं तेव्हा आतल्या वायूंचं तापमान २००० अंशांच्याही वर जातं. इंजिनाचे बरेच भाग ॲल्युमिनियमचे असतात आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. बाहेर ५१ अंशांची हवा, आत हजारो अंशांची आग, आणि मध्ये बसलेली माणसं, ज्यांचं शरीर ३७ अंशांवरून तीन-चार अंश जरी वर सरकलं तरी जिवावर बेततं. मग या रस्त्यावर गाडी चालते तरी कशी?

याचं उत्तर एका वाक्यात सांगता येईल. ते वहीत लिहून ठेवा, कारण आजचा सगळा पाठ त्यावरच उभा आहे.

उष्णता नाहीशी करता येत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते.

आपण म्हणतो, "एसीने गाडी थंड केली", "रेडिएटरने इंजिन थंड केलं." खरं तर दोघांनीही उष्णता उचलून बाहेरच्या हवेत टाकलेली असते. आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर टाकायची कुठे? वाळवंटातल्या गाडीची सगळी अडचण ही आहे.

बातमीतले ५१ अंश कुठले?

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला असतो. म्हणजे बातमीत सांगतात ते तापमान सावलीतल्या हवेचं. उन्हातल्या डांबराचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. अशा दिवशी ते ६०-७० अंशांवर सहज जातं. गाडीचा रेडिएटर असतो पुढच्या जाळीमागे, रस्त्यापासून जेमतेम गुडघाभर उंचीवर. त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारी हवा बातमीतल्या हवेपेक्षाही गरम असते. गाडी कशी चालवायची हे ठरवताना एवढं लक्षात असू द्या.

इंजिनात उष्णता येते किती?

थोडं गणित करूया. समजा एक लहान मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि एका लिटर पेट्रोलवर १६ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला ५ लिटर पेट्रोल जळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते.

५ × ३२ = १६० मेगाज्यूल प्रति तास, म्हणजेच सुमारे ४४ किलोवॅट.

या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकं फिरवतो, दुसरा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो, आणि तिसरा इंजिनाच्या धातूत शिरतो. हा तिसरा वाटा धरा साधारण १५ किलोवॅट. आपल्या न्हाणीघरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. तेव्हा बॉनेटखाली एकाच वेळी सात गीझर चालू आहेत असं समजा! ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांतच इंजिनाचे भाग फुगतात, सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि शेवटी इंजिन जाम होतं.

रेडिएटरचं काम आणि वजाबाकीचं गणित

इंजिनाच्या ठोकळ्यात सिलिंडरभोवती पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. वॉटर पंप त्यांतून कूलंट फिरवतो. कूलंट धातूकडून उष्णता घेतं, होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून वाहतं आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून ती उष्णता हवेला देतं. मग थंड होऊन परत इंजिनात जातं. वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द तुम्ही शाळेत पाठ केले असतील. धातूच्या भिंतीतून उष्णता जाते ते वहन. पंपाने फिरवलेलं कूलंट आणि पंख्याने ओढलेली हवा उष्णता वाहून नेतात ते अभिसरण. रेडिएटरच्या नावात जरी प्रारण असलं, तरी त्याचं बहुतेक काम अभिसरणानेच होतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरू.

पुण्यात सकाळी हवा २५ अंश : ९५ – २५ = ७० अंशांचा फरक.
फलोदीत दुपारी हवा ५० अंश : ९५ – ५० = ४५ अंशांचा फरक.

फरक ७० वरून ४५ वर आला. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, पण उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली. गाडीत काहीही बिघाड नसताना! वर्गात हे गणित केलं की कुणीतरी विचारतंच, "सर, इंजिन तर ९५ ला असतं, मग ५० ची हवा त्याला थंडच वाटणार ना?" बरोबर आहे. थंडच वाटते, पण पुरेशी थंड वाटत नाही. ओले कपडे पावसाळ्यातही वाळतात, पण उन्हाळ्यासारखे वाळत नाहीत, तसंच हे.

म्हणून आखाती देशांत विकायच्या गाड्यांना बरेच उत्पादक मोठा रेडिएटर आणि जास्त ताकदीचा एसी बसवतात. दुबई-अबूधाबीत राहणारे आपले लोक जुनी गाडी घेताना "जीसीसी स्पेक आहे का?" असं विचारतात, ते याचसाठी. दुसऱ्या देशासाठी बनवलेली तीच गाडी तिथल्या उन्हाळ्यात कमी पडू शकते.

रेडिएटरचं झाकण आणि घरातला कुकर

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये मात्र वाफेचा दाब वाढतो आणि पाणी जवळजवळ १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच समजा. ते स्प्रिंगचं असतं आणि आत वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाब धरून ठेवतं. त्यामुळे आतलं द्रव शंभरीच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतील, आणि बुडबुड्याला पाण्यासारखी उष्णता उचलता येत नाही. जिथे बुडबुडा बसला तिथला धातू करपलाच.

झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही. हा काही शे रुपयांचा भाग आहे, पण वाळवंटात गाडी बंद पडायला तेवढंही पुरतं.

आणि याच कारणासाठी एक नियम मनावर कोरून ठेवा : गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कुकरची शिट्टी पडायच्या आत कुणी झाकण उघडतं का? इथेही तेच. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो, ११० अंशांचं द्रव त्याच क्षणी उकळतं आणि पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १६०० पट वाढतं. ते उसळून थेट तोंडावर, हातांवर येतं. असे भाजलेले लोक दवाखान्यात येतात ते "फक्त पाणी बघत होतो" म्हणूनच.

पाणी घालायचं की कूलंट?

नुसत्या पाण्याची विशिष्ट उष्माधारकता कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडी जास्त आहे. म्हणजे उष्णता उचलण्यात पाणी हुशार. मग कूलंट का? तीन कारणं आहेत.

१. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते आणि पाणी निम्मे-निम्मे घेतले तर साध्या दाबालाही उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्या पुढे.

२. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. नुसत्या पाण्याने आतला धातू गंजतो आणि तोच गंज बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

३. वाळवंटातलं बोअरचं पाणी बहुधा जड, क्षारयुक्त असतं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांना बसतो. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असतो.

म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं, किंवा तयार मिश्रणच आणावं. "जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा" या समजुतीने नुसतं कूलंट ओतू नये, कारण नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही. रस्त्यात अडचणच आली तर, इंजिन पूर्ण निवल्यावर साधं पिण्याचं पाणी घालून पुढच्या गावापर्यंत जायला हरकत नाही. मात्र नंतर ते सगळं काढून नवीन मिश्रण भरून घ्यावं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. काही ठिकाणी "उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" असा सल्ला मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरची झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, तापलं की उघडते. चांगली झडप गरम इंजिनात उघडीच असते, त्यामुळे ती काढून फार काही मिळत नाही. उलट सकाळी इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं. झडप अडकत असेल तर नवीन बसवावी, फेकून देऊ नये.

हवा मिळाली तरच रेडिएटर

हायवेवर गाडी पळते तेव्हा समोरची हवा आपोआप जाळीतून घुसते. गाडी थांबली किंवा रांगत चालली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगात गाडी ठीक असते, आणि रेल्वे फाटकावर दहा मिनिटं थांबली की काटा वर सरकतो.

वाळूत तर दुहेरी अडचण. चाकं रुततात, इंजिन खालच्या गिअरमध्ये जोर लावून ओरडत असतं, आणि गाडीचा वेग मात्र बैलगाडीएवढा. उष्णता जास्त, हवा कमी. जैसलमेरजवळच्या सम गावी टेकाडांवर जीप फिरवणाऱ्यांना दोन-चार चढांनंतर इंजिनाला उसंत द्यावी लागते ती यामुळेच. वारा मागून येत असेल तर आणखी वाईट, कारण जाळीत शिरणारी हवा तेवढी कमी होते.

त्यात धूळ. बारीक वाळू आणि किडे रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये अडकून बसतात. लांबच्या प्रवासाआधी रेडिएटर आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवून घ्यावा. जोराच्या धारेने ते पातळ पत्रे वाकतात. त्याबरोबर पंखा फिरतो का, फॅन बेल्टला चिरा पडल्यात का, होज पाइप फुगलेत का, हेही पाहून घ्यावं.

बंद गाडीची भट्टी का होते?

आता केबिनकडे वळू. दुपारच्या स्वच्छ उन्हात, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. गाडीची पुढची काच साधारण तेवढीच मोठी. म्हणजे काचेतून आत एक इस्त्रीच चालू ठेवल्यासारखं झालं.

काच सूर्यप्रकाश आत येऊ देते. डॅशबोर्ड, सीट, स्टिअरिंग तो शोषून घेतात आणि तापतात. तापलेल्या वस्तू अवरक्त किरण सोडतात, पण हे लांब लहरींचे किरण काचेतून सहजी बाहेर जात नाहीत. शिवाय काचा बंद असल्याने तापलेली हवाही बाहेर पडू शकत नाही. येण्याची वाट मोकळी आणि जाण्याची बंद, मग तापमान चढतच जातं.

अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य वाळवंटी आहे. तिथल्या टेंपी शहरात संशोधकांनी खऱ्या गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असलेल्या दिवसांत एका तासानंतरचे सरासरी आकडे असे :

उन्हातली गाडी : केबिनमधली हवा ४७ अंश, सीट ५१, स्टिअरिंग ५३, डॅशबोर्ड ६९.
सावलीतली गाडी : केबिनमधली हवा ३८ अंश, सीट ४१, स्टिअरिंग ४२, डॅशबोर्ड ४८.

केवळ सावलीने डॅशबोर्डमध्ये २१ अंशांचा फरक पडला! यासाठी ना पेट्रोल लागलं, ना पैसा. तेव्हा वाळवंटात पहिला एसी म्हणजे झाडाची सावली. गाडी लावताना आत्ता सावली कुठे आहे हे पाहू नका, आपण परत येऊ तेव्हा ती कुठे असेल हे पाहा. सूर्य कुठून कुठे जातो हे तुम्हाला ठाऊक आहेच.

सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावा, म्हणजे ऊन शोषलं जाण्याआधीच परत फिरेल. दुपारनंतर गाडी लावायची असेल तर तोंड पूर्वेला करा. स्टिअरिंगवर पांढरं फडकं टाका. रंगाचाही परिणाम होतो. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये काळी आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात ठेवून पाहिल्या, तेव्हा चंदेरी गाडीतली हवा ५-६ अंशांनी थंड निघाली.

"मग काळी फिल्म लावू का?" थांबा. आपल्याकडे नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. काचेवर काळी फिल्म चिकटवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. पडदा मात्र गाडी उभी असताना खुशाल लावावा आणि निघताना काढावा.

एसी म्हणजे उष्णतेचा हमाल

एसीत एक वायू नळ्यांतून फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो खूप तापतो. मग तो पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये येतो, उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. पुढे बारीक छिद्रातून सुटताच त्याचा दाब उतरतो, डॅशबोर्डमागच्या नळ्यांत त्याचं बाष्पीभवन होतं आणि ते होताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. म्हणजे एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारा हमाल आहे.

पण हमालीही फुकट होत नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिनावर भार. त्यातून कंडेन्सर असतो रेडिएटरच्या पुढे. आधीच ५० अंशांची हवा कंडेन्सरची उष्णता घेऊन आणखी तापते आणि मग रेडिएटरला मिळते. आपली मघाची वजाबाकी आठवते? ४५ चा फरक आणखी घटला. केबिन आणि इंजिन दोघेही एकाच दारातून उष्णता बाहेर काढतात, आणि दारात गर्दी होते.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली होती. जगातल्या सर्वाधिक तापमानाची ती नोंद मानली जाते. तिथल्या लांब चढावांवर रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत : इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. त्यांचा अर्थ आता तुम्हाला न सांगता कळेल.

मग एसी वापरायचा तरी कसा?

• उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी काचा खाली करा. एका बाजूची काच उघडून विरुद्ध बाजूचं दार चार-पाच वेळा उघड-मीट केलं तर आतली गरम हवा बरीचशी बाहेर जाते. ५० ची हवा आत आली तरी ती आतल्या ६० पेक्षा बरीच!
• काचा उघड्या ठेवूनच एसी सुरू करा आणि एक-दोन मिनिटं गाडी चालवा. मग काचा लावा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. आता एसीला ५० ची नवी हवा नव्हे, आतली निवत आलेली हवाच पुन्हा थंड करायची असते.
• लांबच्या प्रवासात अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, नाहीतर आत बसलेल्यांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते.
• लांब चढ, वाळू किंवा गाड्यांची रांग लागली आणि काटा सरकताना दिसला, की एसी बंद.

छागलीचं विज्ञान

एसी नव्हते तेव्हा लोक काय करत? राजस्थानात ट्रक आणि जीपच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असे. तिला छागल म्हणतात. आपल्याकडेही, विशेषतः विदर्भात, जुनी माणसं छागल ओळखतात. पाणी कापडातून हळूहळू झिरपतं, कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड होतं. माठाचं तत्त्व तेच.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी २५ अंशांपासून १०० पर्यंत तापवायला लागते सुमारे ३१४ किलोज्यूल. म्हणजे जवळजवळ साडेसात पट. हाच तो अप्रकट उष्मा. ओलं फडकं मानेवर ठेवून काच थोडी उघडली तर कोरड्या हवेत गारवा का वाटतो, हे यावरून कळेल. आपला घामही हेच करतो. हवा ३७ अंशांच्या वर गेली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरी वाट उरत नाही. म्हणून वाळवंटात पाणी हे माणसाचं कूलंट आहे. माणशी निदान ५ लिटर पिण्याचं पाणी आणि गाडीसाठी वेगळे ५ लिटर असल्याशिवाय निघू नये.

काटा लालकडे चालला, आता?

घाबरू नका. या क्रमाने करा.

१. एसी लगेच बंद करा. कंडेन्सरची गर्दी कमी झाली.

२. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा, काचा उघडा. ५० अंशांत हीटर? हो! हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. त्यात इंजिनाचंच गरम कूलंट फिरतं. तो चालू केला की उष्णतेला बाहेर जायला आणखी एक दार मिळतं. तुम्हाला दोन मिनिटं नकोसं होईल, पण इंजिन वाचेल.

३. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबा. काटा नुसता वर असेल, वाफ किंवा गळती नसेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतील. काटा खाली येऊ लागेल.

४. काटा थेट लालमध्ये गेला असेल, लाल दिवा लागला असेल, वाफ दिसत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा. गोडसर वास म्हणजे कूलंट गळतंय.

५. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तोवर माणसांना गाडीच्या सावलीत, रस्त्यापासून दूर बसवा. झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. धातू एकदम आकसून त्याला तडा जाऊ शकतो.

६. इंजिन हाताला गार लागल्यावर जाड फडक्याने झाकण हळूहळू सोडा, पाणी भरा, गळती कुठे आहे ते पाहा. पाणी पुन्हा उतरत असेल तर गाडी ओढून नेणंच बरं.

गाडी सोडून पायी मदत शोधायला निघू नका. वाळवंटात गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं

मित्रांनो, इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. पण वरचं सगळं शास्त्र ज्या एका गोष्टीसाठी माहीत हवं, ती गोष्ट वाळवंटापुरती नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या "पीडियाट्रिक्स" या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असताना बंद गाडी उन्हात ठेवली, तर तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. बाहेरचे २२ अंश म्हणजे काय? आपली डिसेंबरातली प्रसन्न दुपार! तेव्हा "आज कुठे ऊन आहे", "काच थोडी उघडी ठेवली आहे", "पाच मिनिटांत येतो", या तिन्ही वाक्यांना विज्ञानाचा आधार नाही.

लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, आणि त्याला दार उघडता येत नाही. एसी चालू ठेवून मूल आत ठेवणंही धोक्याचं आहे. इंजिन बंद पडलं की एसी बंद, आणि मग ती भट्टीच. म्हणून घरी हे चार नियम ठरवून टाका :

• बाळाला, आजी-आजोबांना किंवा कुत्र्या-मांजराला बंद गाडीत एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही.
• मागच्या सीटवर बाळ असेल तर आपला मोबाइल किंवा पाकीटही मागेच ठेवायचं, म्हणजे उतरताना मागे बघावंच लागेल.
• अंगणात उभी गाडी कायम कुलूपबंद आणि किल्ली मुलांच्या हाताला न लागेल अशी. लपाछपी खेळताना मुलं गाडीत शिरतात.
• तुम्ही स्वतः अडकलात तर हॉर्न वाजवत राहा. बहुतेक गाड्यांत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो.

कुणी बंद गाडीत बेशुद्ध किंवा बरळताना दिसलं, अंग तापलेलं असलं, तर लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ओलं अंग आणि वारा, म्हणजे छागलीचंच तत्त्व. इथे ते जीव वाचवतं.

स्वाध्याय

१. कूलंट ९५ अंशांवर असून कंडेन्सरमधून येणारी हवा ६० अंश असेल, तर तापमानातला फरक किती? तो २५ अंशांच्या सकाळपेक्षा किती टक्क्यांनी कमी आहे?

२. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. एकीत काळं, दुसरीत पांढरं कापड ठेवा, झाकण लावा आणि उन्हात ठेवा. अर्ध्या तासाने दोन्हींतलं तापमान मोजा. मग तिसरी बरणी सावलीत ठेवून तुलना करा.

३. छागल फलोदीत छान चालते, पण मुंबईत तिचा तेवढा उपयोग का होत नाही?

४. इलेक्ट्रिक गाडीत पेट्रोल जळत नाही, तरी तिलाही कूलंट आणि रेडिएटर का लागतो? बॅटरीला हात लावलेला मोबाइल चार्जिंगच्या वेळी कसा लागतो ते आठवा आणि विचार करा.

उत्तरं वहीत लिहा. आणि आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारा, "आपल्या गाडीतलं कूलंट शेवटचं कधी बदललं?" बघा काय उत्तर येतं ते!